जलरंगाचा डेमो बघायला गेले आणि दोन तास कागद वाळायची वाट बघून आले

शेवटची_कदंब
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून हा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पणजीजवळच एक छोटं कलाकेंद्र आहे. जुना कौलारू हॉल, आठवडाभर खाली बायकांचा शिवणाचा क्लास, वर पेटी-तबला, नि रविवारी चित्रकला. तिथे आज जलरंगाचा डेमो होता. फी तीनशे रुपये, चहा त्यातच. मी शाळेत कॅमलच्या वड्या घासल्या होत्या तेवढंच, मग बँकेतली नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आता रिटायर होऊन दीड वर्ष झालं आणि गेल्या चवथीनंतर परत ब्रश हातात धरलाय. यूट्यूब बघून बघून डोळे गेले पण माझं आभाळ काही आभाळासारखं होत नाही, चादर वाळत घातल्यासारखं दिसतं.

सर आले ते छत्री, पिशवी आणि प्लायवूडचा एक तुकडा घेऊन. त्यावर कागद चारी बाजूंनी ब्राउन गमटेपने चिकटवलेला, पाव शीट, म्हणजे ११ बाय १५ इंच. काल रात्री भिजवून ताणून लावलाय म्हणाले, "अजून पुरता सुकला नाही, जुलै आहे." रंग मोजून तीन. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि एक पिवळा. पॅलेट म्हणून आपली पांढरी इनॅमलची थाळी, कडेला काळे टवके उडालेली, माझ्या आईकडे होती तशीच.

विषय रायबंदरच्या धक्क्यावरून दिसणारं चोडण बेट. पलीकडे खारफुटीची रांग, मधे फेरीबोट, वर भरून आलेलं आभाळ. (तिथे आता नवी रो-रो बोट आली तरी सरांनी काढली ती जुनीच पत्र्याची फेरीबोट. कुणी विचारलंही नाही, सगळ्यांच्या मनात तीच होती बहुतेक.) पेन्सिलीच्या चार-पाच रेघा, बस. मग दोन इंची चपटा बकरीच्या केसांचा ब्रश, त्याला हाके म्हणतात म्हणे, त्याने नुसतं स्वच्छ पाणी. एकदा, थोडं थांबून परत एकदा. मग बोर्ड उचलून आम्हाला खिडकीच्या उजेडात तिरका धरून दाखवला, कागद आरशासारखा चकाकत होता, नि म्हणाले आता ह्या चकाकीकडे लक्ष ठेवा, माझ्या हाताकडे नको.

मग रंग सोडला. निळा आणि तपकिरी मिळून राखाडी होतो हे मला माहीत होतं. पण तो राखाडी कागदावर पडल्यावर परत सुटायला लागतो हे मी पहिल्यांदा बघितलं, म्हणजे निळ्याचे बारीक कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि तपकिरी जरा पुढे वाहत जातो आणि मधे कुठेतरी असा एक रंग तयार होतो की तो थाळीत नव्हताच. सरांनी बोर्डाच्या वरच्या बाजूखाली बिस्किटाचा डबा सरकवला, ओघळ खाली येऊ दिले, ब्रश ठेवला. आणि बसले.

बसले म्हणजे बसलेच हो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यात वीज गेली. पंखे बंद. एका काकांनी घरून हेअर ड्रायर आणला होता तो तसाच मांडीवर. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, सर, काम कधी चालू करणार? सर म्हणाले, "काम चालूच आहे, बंद मी आहे."

मधेमधे उठून बोटांच्या मागच्या बाजूने कागदाला हात लावायचे, आपण पोराचा ताप बघतो तसा. थंड लागला की परत बसायचे. कागद थंड लागतोय तोवर आत पाणी आहे, वरून कोरडा दिसला तरी. हे एक वाक्य मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं.

मग चकाकी जायच्या बेतात असताना खारफुटी टाकली, कडा अशा विरघळल्या की पावसापलीकडचं झाडच. सगळे आ वासून. आणि तेवढ्यात वरच्या कौलातून एक थेंब टपकन आभाळात पडला.

एकदम "अगगग" झालं सगळ्यांचं. थेंब पडला तिथे रंग ढकलला जाऊन दातेरी कडांचा गोल उमटायला लागला. त्याला कॉलीफ्लॉवरच म्हणतात म्हणे, आपला भाजीचा फ्लॉवर. सरांनी ब्रश पिळून कोरडा केला आणि ते पाणी टिपायला गेले. जरा बरं वाटलं. मग परत टिपलं. मग टिशू लावला. आणि तिथे एक पांढुरका डाग पडला, रुपयाएवढा, कडेला काळी रेघ, फ्लॉवरपेक्षा वाईट. सर दोन सेकंद गप्प. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "आत्ता मी जे केलं ना, ते करायचं नाही. पहिल्यांदा टिपल्यावर हात मागे घ्यायला पाहिजे होता, तिथे चुकलो."

पुढे त्यांनी चित्र पूर्ण केलं. फेरीबोटीवर ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा घासला तर गंजलेला पत्रा उभा राहिला, दोर काढायला रिगर नावाचा लांब बारीक ब्रश. डाग तसाच ठेवला. पण मी घरी येईपर्यंत त्या दोन सेकंदांचाच विचार करत होते. चाळीस वर्षं ब्रश धरणाऱ्या माणसालाही हात आवरत नाही, मग माझं काय.

तुमच्यापैकी कोण करतं जलरंग? पावसाळ्यात तुमचे कागद वाळतात का?


तिसऱ्या_एकशिपी
रविवार, रात्री १०.०५

तीनशे रुपयात दोन तास ओला कागद. आमच्याकडे दोरीवर अख्खं कपाट वाळत घातलंय, उद्या या, दोनशेत दाखवतो 😄

चहाबरोबर काय होतं ते लिहिलंच नाहीत, मूळ मुद्दा राहिला.


शेवटची_कदंब
रविवार, रात्री १०.१२

@तिसऱ्या पातळ भाजी नि पाव, आणि मिरची भजी. भजी संपली तेव्हा आभाळ अजून ओलंच होतं.


शंकासूर
रविवार, रात्री ११.२०

राग मानू नका ताई, पण मला हे डेमो प्रकरण कळत नाही. यूट्यूबवर जगातले भारी भारी लोक फुकट दाखवतात, वाट बघायचा भाग कापून टाकलेला असतो, पॉज करता येतं, मागे नेता येतं. इथे पैसे देऊन तुम्ही काय बघितलं तर एक बिघडलेलं चित्र. स्वयंपाकाच्या डेमोत कोणी आमटी करपवली तर आपण वा वा म्हणू का?


जलरंगी_म्हापसा
सोमवार, सकाळी ७.१५

@शंकासूर, वाट बघायचा भाग कापलेला असतो हाच तर घोळ आहे. मी सहा वर्षं करतोय. सुरुवातीला व्हिडिओ बघून शिकलो, त्यातला माणूस म्हणतो "आता पाच मिनिटं थांबा", तो बसलाय कुठल्यातरी कोरड्या थंड देशात हीटर लावून. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा जून-जुलैत, हवा इतकी पाण्याने भरलेली की कागदातलं पाणी जाणार कुठे? तेच पाच मिनिटांचं काम म्हापशात पाऊण तास घेतं. नि मेमध्ये उलटं, आभाळाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाईस्तोवर डावं टोक सुकलेलं. म्हणून घड्याळ बघायचंच नाही, चकाकी बघायची. कदंबताईंच्या सरांनी बरोब्बर तेच सांगितलं.

आणि फ्लॉवर का उमटतो हे लिहून ठेवतो, कारण बहुतेकांना वाटतं ती नशिबाची गोष्ट. कागदावर जेवढं पाणी शिल्लक आहे त्यापेक्षा ब्रशात जास्त असेल तर ते नवीन पाणी आधीच्या रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि कडेला रंग साचतो. ब्रशात कमी असेल तर रंग जिथे ठेवाल तिथे मऊ होऊन बसतो. एवढंच. म्हणजे कागद जसजसा सुकत जाईल तसतसा ब्रशातला रंग घट्ट होत गेला पाहिजे, आधी चहासारखा, मग दुधासारखा, शेवटी श्रीखंड. लोक उलटं करतात, कागद सुकायला लागला की घाबरून ब्रश परत पाण्यात बुडवतात.

@कदंबताई, सरांचा कागद कुठला होता? ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन असेल तरच असं दोनदा पाणी मारून चालतं. साधा लाकडाच्या लगद्याचा कागद असेल तर पाणी वर तरंगत राहतं आणि मग एकदम सुकतं, मधली जी वेळ आहे, खारफुटी टाकायची, ती मिळतच नाही.


निळी_छत्री
सोमवार, सकाळी १०.३०

अय्या मी पण होते तिथे!! खिडकीजवळ लाल रेनकोटवाली मुलगी होती ना ती माझी, आठ वर्षांची. सरांनी शेवटी चिठ्ठी काढली ना चित्र कुणाला द्यायचं त्याची, ती हिचीच निघाली. कदंबताईंनी हे लिहिलंच नाही, राग आला का 😅

चित्र आता आमच्या फ्रिजवर आहे. तिला डाग वगैरे काही दिसत नाही, ती म्हणते तो चंद्र आहे, मी म्हटलं अगं दिवसा? तर म्हणे पावसात काय कळतं.

मला एक विचारायचंय. तिच्या शाळेत जलरंगावर मीठ टाकून चांदण्या करायला शिकवलं, शाळेत छान झाल्या होत्या म्हणे फेब्रुवारीत. परवा घरी केलं तर काहीच नाही, नुसता चिकचिकाट. मी आगरातलं जाडं मीठ वापरलं होतं, ते चालत नाही का?


जलरंगी_म्हापसा
सोमवार, सकाळी ११.००

@निळी_छत्री, जाडं मीठ उलट चांगलं, मोठे खडे मोठ्या चांदण्या. पण ते कोरडं पाहिजे. मीठ आजूबाजूचं रंगाचं पाणी ओढून घेतं म्हणून चांदणी पडते, आणि तुमचं मीठ हवेतलंच पाणी पिऊन बसलंय, ते आणखी काय पिणार. तव्यावर जरा परता, गार करा, आणि कागदाची चकाकी जायच्या बेतात असताना टाका. फार ओल्यात टाकलंत तर नुसतं विरघळतं. पूर्ण सुकल्यावर झटकायचं, आधी हात लावायचा नाही. आणि हो, हे मुलांनी करावं, मोठ्यांनी प्रत्येक चित्रात मीठ टाकत बसू नये.


चिरेबंदी
सोमवार, दुपारी १.४५

मी चित्रकार नाही, घरं बांधतो, जुनी दुरुस्तही करतो. पण बर्न्ट सिएना शब्द वाचून थांबलो. गेल्या वर्षी एक बाई साइटवर बसून आमच्या चिऱ्याच्या भिंतीचं चित्र काढत होत्या, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की ह्या ट्यूबमध्ये आणि तुमच्या भिंतीत एकच वस्तू आहे. नंतर मी बघितलं तर खरंच, चिरा म्हणजे जांभा दगड लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि बर्न्ट सिएना म्हणजे लोह असलेली माती भाजून केलेला रंग. म्हणजे गोव्यात बसून जलरंग करायचा तर अर्धी पेटी पायाखालीच आहे.

त्या बाईंनी चिऱ्याची भोकं कशी दाखवली ते सांगतो, मला ते फार आवडलं होतं. आधी पूर्ण भिंत एका फिक्या लालसर रंगाने. ती खणखणीत वाळल्यावर ब्रशात घट्ट रंग घेऊन तो जुन्या फडक्यावर पुसून पुसून जवळजवळ संपवला, आणि मग ब्रश आडवा झोपवून कागदावरून पटकन ओढला. रंग फक्त कागदाच्या उंचवट्यांवर लागला, खळगे तसेच राहिले. एक भोक हाताने काढलं नाही त्यांनी. माझे गवंडी काम सोडून बघत उभे, मला ओरडावं लागलं.


शंकासूर
सोमवार, दुपारी ३.१०

बरं ठीक, थांबण्याचं पटलं. पण मग हेअर ड्रायर का नाही? वीज नव्हती ते सोडा. आणि तो डाग पांढऱ्या आणि निळ्या रंगाने झाकून टाकता आला नसता का, पाच मिनिटांचं काम. उगाच सोवळं कशाला.


जलरंगी_म्हापसा
सोमवार, दुपारी ४.००

ड्रायर मीही वापरतो, खोटं कशाला बोलू. पण चकाकी गेल्यावर. ओल्या कागदावर वारा मारला की रंगाचं डबकं वाऱ्याबरोबर सरकतं आणि अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण खाली बसायला वेळच मिळत नाही, कदंबताईंनी जे सुटलेलं राखाडी बघितलं ते होतच नाही, सपाट होतं.

पांढऱ्याचं म्हणाल तर काही लोक वापरतात, गुन्हा नाही. पण पारदर्शक रंगांच्या चित्रात उजेड येतो तो रंगातून आरपार जाऊन खालच्या कागदावर आपटून परत येतो. तिथे अपारदर्शक ठिगळ लावलं की तेवढाच भाग मेल्यासारखा दिसतो, पंधरा फुटांवरून ओळखू येतो. डाग परवडला.


आज्जो_फोंडेकार
सोमवार, रात्री ८.५०

वाचून फार बरं वाटलं. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर, वय ७९, टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

कागद राखणे ह्या विषयावर लिहितो. सगळ्यांनी ते चित्र पाहिलं असेल, साडी नेसलेली तरुण मुलगी, हातात दिवा, दुसऱ्या तळव्याने ज्योत झाकलेली, बोटांतून लाल उजेड झिरपतोय आणि चेहऱ्यावर पडलाय. कॅलेंडरांवर, बॅगांवर, दिवाळीच्या शुभेच्छांत. दहातले आठ जण तुम्हाला सांगतील रवि वर्म्याचं आहे. नाही. रवि वर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ चं, सावळाराम हळदणकरांचं, आणि हळदणकर आपल्या शेजारचे, जन्म सावंतवाडीचा, १८८२. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आणि ते जलरंगात आहे! तैलरंगात अंधार आधी आणि उजेड नंतर वर ठेवता येतो. जलरंगात ती सोय नाही. उजेड कुठे असणार ते पहिल्या ब्रशाआधी ठरवून तेवढा कागद राखायचा आणि अंधार त्याच्याभोवती थरावर थर आणत न्यायचा, नि मधे एकदाही हात घसरता कामा नये. मी १९७० च्या सुमारास म्हैसूरला जाऊन ते बघितलं. माझ्यापुढे दोन मुलं उभी होती ती चित्रामागे बल्ब लावलाय का ते वाकून बघत होती.

दुसरी आठवण, गोव्याची. आपल्या लोकांना माहीत नसतं की दीनानाथ दलाल मडगावात जन्मले, १९१६ साली. १९४५ पासून त्यांचा दीपावली अंक निघायचा, आमच्या लहानपणी मुंबईहून कुणी आलं की तो अंक यायचा आणि मी मजकूर न वाचता आधी चित्रांवरून बोट फिरवायचो, वडील ओरडायचे, शाई लागेल म्हणून.

आणि तिसरे आंजेलो द फोन्सेका, सांतइस्तेवचे, जन्म १९०२. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोसांकडे शिकले. आपल्या बायकांसारखी साडी नेसलेली मरिया, येशूची आई, त्यांनी रंगवली म्हणून त्यांच्यावर इथे टीका झाली, पुढे त्यांनी आयुष्याचा मोठा काळ पुण्यात काढला, १९६७ ला तिथेच गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. कदंबबाई, तुम्हाला हे मुद्दाम सांगतो कारण बंगालच्या त्या वॉश पद्धतीत रंग लावायचा, वाळू द्यायचा, आणि मग अख्खा कागद पाण्यात बुडवून काढायचा. परत रंग, परत बुडव. जे धरून राहायचं ते राहतं, जे सुटायचं ते सुटतं. तुम्ही एका थेंबाला घाबरलात!


शेवटची_कदंब
सोमवार, रात्री ९.३०

आज्जो, नमस्कार करते. मी त्या आठातलीच, आत्ता तुमची पोस्ट वाचेपर्यंत ते चित्र रवि वर्म्याचंच समजत होते. आमच्या हॉलमध्ये वीस वर्षं लावलेलं आहे, कॅलेंडर कापून फ्रेम केलेलं.

@जलरंगी, सरांचा कागद कॉटनचाच होता, सर म्हणाले फ्रेंच आहे, त्या गिरणीत १४९२ पासून कागद करतात. पटकन मनात हिशोब केला, म्हणजे पोर्तुगीजांचा आल्बुकर्क गोव्यात यायच्या अठरा वर्षं आधीपासून. किंमत ऐकून मात्र मी गप्प झाले, एका फुल शीटच्या पैशात आमच्या घरची आठवड्याची मासळी येते, ती पण इसवण, म्हणजे सुरमई.


घाटावरून_आलेली
मंगळवार, सकाळी ९.२०

मी नवीन आहे, साताऱ्याहून लग्न होऊन मडगावला आले. मी जानेवारीत हौसेने महागडे कॉटन कागद घेतले होते, बारा शीट. परवा एक काढला, रंग लावला तर मधेमधे ठिपके ठिपके, जिथे ठिपका आहे तिथे कागद शाई पिणाऱ्या टीपकागदासारखा रंग शोषतोय. कोरा असताना काहीच दिसत नव्हतं. दुकानदाराने फसवलं का?


जलरंगी_म्हापसा
मंगळवार, सकाळी ९.५०

नाही हो, दुकानदार नाही, जुलैने फसवलं. कागदाला जिलेटिन किंवा तत्सम कांजी दिलेली असते, साइझिंग म्हणतात, त्यामुळे रंग वर थांबतो. दमट हवेत ती कांजी जागोजागी मरते, बुरशी धरते, आणि कोऱ्या कागदावर ते दिसत नाही, रंग लागला की दिसतं. त्यावर पूर्ण इलाज नाही. ते कागद चिऱ्याच्या भिंती काढायला वापरा, फुकट जाणार नाहीत 🙂

उरलेले आजच प्लास्टिकच्या जाड पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, तोंड टेपने बंद. आणि शक्य असेल तर कपाटात बारीक बल्ब लावून ठेवा, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते.


तिसऱ्या_एकशिपी
मंगळवार, सकाळी १०.१५

कपाटातला बल्ब! माझ्या आईने त्या बल्बवर लग्नाचा शालू, बाबांचा कोट, घराची कागदपत्रं आणि माझं दहावीचं सर्टिफिकेट जगवलंय. साताऱ्याच्या वहिनी, गोव्यात संसार मांडताना आधी तो बल्ब, मग गॅस.


निळी_छत्री
मंगळवार, दुपारी १२.४०

रंगांना पण बुरशी येते हो. मुलीची पेटी बंद करून ठेवली होती, आठ दिवसांनी उघडली तर पिवळ्यावर पांढरी लव. सरांना विचारलं होतं मी चहाच्या वेळी, ते म्हणाले पेटी ओली असताना झाकण लावूच नका, पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवा, आणि वडीवर लवंगतेलाचा अगदी एक थेंब. आता आमच्या पेटीला दाताच्या डॉक्टरचा वास येतो.

मीठ तव्यावर परतून केलं. झाल्या चांदण्या!! धन्यवाद जलरंगीदादा.


शंकासूर
बुधवार, रात्री ११.४५

माझा मुद्दा राहिलाच. चुकलेलं चित्र दाखवणं ह्यात शिकवणं कसलं. आमच्या बाबांनी मला गाडी शिकवताना झाडावर घालून दाखवली नाही.


शेवटची_कदंब
गुरुवार, सकाळी ६.५०

शंकासूरराव, तुम्ही रविवारी लिहिलंत तेव्हापासून विचार करतेय ह्यावर. तुमच्या बाबांनी झाडावर घातली नसेल, पण कधीतरी कचकन ब्रेक दाबला असेल ना, आणि तुम्ही बाजूला बसून बघितलं असेल की ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा पाय कुठे होता. व्हिडिओत मला पाय दिसत नाही. व्हिडिओतल्या माणसाचा फ्लॉवर उमटला तर तो ते चित्र फेकून दुसरं काढतो आणि तेच अपलोड करतो. मी घरी बसून म्हणते की ह्याचं कधी बिघडत नाही, माझंच बिघडतं, माझ्या हातातच नाही. रविवारी मी काय बघितलं तर त्यांचंही तिथेच बिघडतं जिथे माझं बिघडतं. कुठे? दुसऱ्यांदा टिपायला गेले तिथे. रंग लावताना नाही, दुरुस्त करताना. मी घरी येऊन माझी जुनी चित्रं काढून बघितली, अकरा आहेत, त्यातली नऊ दुरुस्त करून बिघडवलेली. मला आठवतंय प्रत्येकाच्या वेळी, आधी बरं होतं आणि मी म्हटलं जरा इथे एक हात मारूया.

बँकेत बरं होतं, चूक झाली की उलटी एंट्री मारायची.


शंकासूर
गुरुवार, सकाळी ८.३०

नऊ? 🙏

बरं, सर परत कधी येणारेत? बायको विचारतेय.


चिरेबंदी
गुरुवार, सकाळी ८.४०

बायको 😂


आज्जो_फोंडेकार
गुरुवार, रात्री ९.१५

शंकासूर, या. जुन्या ब्रशांचा एक डबा आहे माझ्याकडे, बायकोसाठी घेऊन जा. तुम्ही धरून बघितलेत तरी मी सांगणार नाही कुणाला.

कदंबबाई, मुलांना शिकवताना मी एक करायचो. डाव्या हातात उगाच काहीतरी धरायला द्यायचो, खडू, रुमाल, काहीही. उजवा हात रिकामा झाला की तो चित्राकडे जातोच, मग तो हात डाव्या हातातली वस्तू घ्यायला लावायचा. हसू नका, चाळीस वर्षं चाललं हे.


शेवटची_कदंब
रविवार, सकाळी ११.२०

आज घरी केलं. सकाळपासून झोडपतोय, वीज दोनदा गेली, म्हणजे वातावरण सरांसारखंच. कागद फ्रेंच नाही, पण कॉटन आहे, आठवा भाग कापला, मासळीला धक्का नको. बोर्डाखाली पोळपाट. रायबंदर काढायची हिंमत नाही, मागच्या दारातून दिसतं तेवढंच, फणस, विहिरीचा कठडा, आभाळ.

आभाळ सोडून पंचवीस मिनिटं झालीत. उजव्या कोपऱ्यात एक फ्लॉवर उमटलाय, बारका, फणसाच्या वर. ब्रशात पाणी जास्त झालं, जलरंगी, तुमचं श्रीखंड विसरले. एकदा टिपला. आता आज्जोंनी सांगितलं तसं डाव्या हातात चहाचा चमचा धरून बसलेय, ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून. मधे एकदा उजवा हात निघालाच होता, चमच्याकडे वळवला.

कडा जरा मऊ झाल्यात असं वाटतंय, किंवा माझ्या मनाचे खेळ. चकाकी डावीकडून जायला लागलीय, मधे अजून आहे. आत्ता बोटं लावून बघितली, थंड लागतोय.

चहा टाकते.